शाबितीचा भार कोणावर?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील ‘डॉक्टरांनी हात टेकले, निसर्गाने तारले’ हा लेख काल पुन्हा वाचला. पहिल्या वाचनात संतापामुळे शेवटचा स्तंभ राहून गेला होता. लेखिकेची भाषा प्रसन्न आहे आणि छायाचित्रेही सुरेख आहेत. काढे, हळद आणि गव्हांकुराच्या रसाने कर्करोगातून बरे झालेले पाच जण त्यांनी शोधून काढले. मात्र पाचांपैकी एकाच्याही गाठीचा तुकडा तपासला होता काय, अहवालात काय निघाले, आणि काढ्याच्या आधी शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी झाली होती काय, याविषयी लेखात एक ओळही नाही. शेवटी त्या विचारतात, ‘हे उपचार निरुपयोगी आहेत, हे कोणी सिद्ध केले आहे काय?’ या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी जिल्हा न्यायालयात ३१ वर्षे नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. जो दावा आणतो त्यानेच तो शाबीत करायचा, हे १८७२च्या पुरावा कायद्यात कलम १०१ म्हणून लिहिलेले होते; नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे, बदलला तो कलमाचा क्रमांक. ‘बांध माझा नाही हे शेजाऱ्याने सिद्ध करून दाखवावे’ असे म्हणत कोणी वादी आला असता, तर त्याला आमच्या आवारात वकीलही मिळाला नसता.

माझ्या थोरल्या बहिणीची गाठ सुपारीएवढी असतानाच लक्षात आली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीखही दिली होती. तेवढ्यात कोणीतरी एका उपचार केंद्राविषयीचे कात्रण आणून दिले (कोणत्या दैनिकाचे, ते सांगत नाही) आणि दाजी म्हणाले, ‘तीन महिने घेऊन बघू, अपाय तर काही नाही.’ तीन महिन्यांचे नऊ झाले. पहाटे मधातून पुडी. तिखट, आंबट, वांगे वर्ज्य. गाठ वाढली तेव्हा विष एका जागी गोळा होते आहे असे सांगण्यात आले, आणि फुटली तेव्हा ते बाहेर पडते आहे असे. अखेरीस केंद्रचालकांनी विचारले, पथ्य मोडले होते का? ताईने प्रामाणिकपणे सांगितले की भाच्याच्या लग्नात आमटी-भाताचे दोन घास खाल्ले होते आणि आमटीत चिंच होती. ‘मग आमच्या औषधाने काय करावे?’ झाले, निकाल लागला. तो भाचा म्हणजे माझा मुलगा, आणि ती आमटी मीच आग्रहाने वाढली होती. पुढे केमोथेरपी सुरू केली, पण तोवर आजार यकृतात पोहोचला होता. शेवटच्या पंधरवड्यात ताईने मला तीनदा विचारले, ‘त्या आमटीनंच झालं का रे?’ पुड्या विकणाऱ्यावर जो भार असायला हवा होता, तो मरणाऱ्या बाईने आपल्या उशाशी घेतला होता.

तेराव्यानंतर मी त्या केंद्रात गेलो. भांडायला नव्हे, जुन्या सवयीने दप्तर पाहायला. वर्षभरात किती रुग्ण आले, कोणाचे निदान कोणत्या अहवालावरून झाले होते आणि दोन वर्षांनी त्यांपैकी किती हयात होते, एवढेच विचारले. तशी नोंदवही ठेवत नाही म्हणाले. अभिप्रायांची वही मात्र जाडजूड होती. पहिल्या महिन्यात भूक सुधारली म्हणून ताईने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेले आभाराचे पत्रही तीत लावलेले होते. मी ते मागितले, दिले नाही. आपल्या लेखातील पाच अभिप्राय अशाच एखाद्या वहीतून आले असतील तर त्यांपैकी आज किती जण हयात आहेत, एवढे तरी लेखिकेने विचारून घ्यावे.

डॉक्टर वनस्पतींना हसतात, हे त्यांचे दुसरे म्हणणे. दारातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन कर्करोगाच्या रुग्णालयांत रोज दिले जाते. यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध वेगळे काढणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी हे तर आपल्या नंदुरबारचे. त्या रेणूची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली १९९२ मध्ये. मधली २१ वर्षे कोणी वनस्पतीला हसत नव्हते. दावा शाबीत करत होते. उलट जर्दाळूच्या बियांपासून काढलेल्या लेट्राइलचा कर्करोगावरील इलाज म्हणून एवढा गाजावाजा झाला की तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ते १७८ रुग्णांवर तपासून घेतले. १९८२ मध्ये निष्कर्ष आला की लाभ काही नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याच्या पातळीजवळ गेले होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या आजाराबाबत कडुनिंब, हळद आणि उपवास यांचे गुणगान केले, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सही करून सांगितले की यांची शिफारस करण्याइतका पुरावा आज नाही. श्रीमती सिद्धूंवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती, हे तेव्हा अनेकांनी कानाआड केले. आपल्या लेखिकेने बहुधा आजही केले आहे.

१९५४च्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग आहे, आणि अशा औषधाच्या जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणाऱ्या कोणालाही तो कायदा लागू होतो, हे आपल्या विधी विभागास ठाऊक असेलच. लेख आणि जाहिरात यांतील फरक मलाही कळतो. लेखाच्या तळाशी केंद्राचा दूरध्वनी क्रमांक छापल्यामुळे जरा गोंधळ झाला, इतकेच.

याच विषयावरील माझे मागील पत्र आपण ‘जागेअभावी’ चार ओळींत आटोपले होते आणि जाहिरातींविषयीचे वाक्य नेमके त्यातूनच गळाले होते. त्याच पानावर मूळव्याधीच्या हमखास इलाजाला पाव पान मिळाले होते, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. या वेळीही कात्री लावणे भागच पडले, तर कायद्याचा परिच्छेद कापावा. आमटीचा ठेवावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिरस्तेदार, सातारा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)