आधुनिक कलेची मुळे मुंबईच्या छापखान्यांत आणि गिरण्यांतही शोधावीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आधुनिक चित्रकला ही पॅरिसहून उसनी आणलेली लहर असून सामान्य मराठी माणसाच्या जगण्याशी तिचा काही संबंध नाही, असे मत मांडणारे एक वाचकपत्र आपल्या दैनिकात अलीकडेच वाचले. मुंबईतील शाळांमध्ये चित्रकला शिकवताना पालकांच्या, सहकारी शिक्षकांच्या आणि कधी कधी मुख्याध्यापकांच्याही तोंडून हेच मत मी वारंवार ऐकले आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते. ज्या कारणांमुळे युरोपात कला बदलली, त्यांपैकी बरीचशी कारणे मुंबईतही हजर होती. कॅमेरा, छापखाना, रेल्वे, गिरणी आणि स्थलांतर ही ती कारणे समजावून न देता चित्रे नुसती भिंतीवर टांगली, तर प्रेक्षकाला ती परकीच वाटणार.

युरोपातील इतिहास थोडक्यात सांगते. 1839 साली पॅरिसमध्ये दागेर या फ्रेंच संशोधकाच्या छायाचित्रण-पद्धतीची घोषणा झाली आणि हुबेहूब चेहरा उतरवण्याचे चित्रकाराचे काम यंत्र करू लागले. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगांसाठी पिळून वापरायच्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत साठवावा लागे, आणि ती पिशवी एकदा टोचली की रंग फार काळ टिकत नसे. नळीमुळे रंग खिशात घालून आगगाडीने गावाबाहेर जाणे आणि उघड्यावर बसून चित्र पुरे करणे सोपे झाले. दृक्प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट), म्हणजे क्षणाचा प्रकाश रंगवू पाहणाऱ्या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन 1874 साली नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत भरले आणि 1877 मध्ये त्यांच्यापैकी मोनेने पॅरिसच्या सँ-लाझार रेल्वे स्थानकातील वाफ आणि धूर रंगवला, या दोन्ही घटना मला योगायोग वाटत नाहीत. प्रकाशाचा क्षण पकडण्याची ओढ त्या काळच्या वेगातून आलेली आहे.

आता मुंबईकडे पाहू. बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे 1853 साली सुरू झाली, 1854 मध्ये येथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि 1857 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळेचे वर्ग भरू लागले. या तिन्ही गोष्टी एकाच शहरात, अवघ्या चारपाच वर्षांत घडल्या. या कलाशाळेचा, म्हणजे आजच्या जे. जे.चा, आरंभीचा हेतू कारागिरांना शिक्षण देण्याचा होता. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो, त्या इमारतीवरील दगडी पानाफुलांच्या आणि पशुपक्ष्यांच्या कोरीवकामात याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. रोज त्याखालून लोकल पकडणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

छापखान्याचे उदाहरण त्याहून ठळक आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून चित्रे छापण्याचा (लिथोग्राफीचा) कारखाना काढला, जर्मन तंत्रज्ञ आणले आणि पुढे तो मळवलीला हलवला. त्या छापांमुळे लक्ष्मी आणि सरस्वती अशा घरांतही पोहोचल्या, ज्यांना तैलचित्र कधीच परवडले नसते आणि ज्यांतील अनेकांना देवळाचा उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती. हा सामाजिक बदल कोणत्याही शैलीच्या चर्चेपेक्षा मला मोठा वाटतो. त्याच परिसरात पुढे दादासाहेब फाळके यांनी काम केले. जे. जे.मध्ये शिकलेला, छायाचित्रण आणि छपाई दोन्ही जाणणारा हा माणूस 1913 मध्ये गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात चालते-बोलते नव्हे, पण चालते चित्र घेऊन उभा राहिला. रंग, कॅमेरा आणि यंत्र यांच्यात त्यांनी भिंत मानली नाही.

त्या वाचकपत्राच्या लेखकांचा मुख्य रोख प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतील कलावंतांच्या गटावर आहे. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे हे सहा जण 1947 साली एकत्र आले. त्यांनी युरोपकडे पाहिले हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण युरोप त्यांच्यापर्यंत आला कसा, हे विचारायला हवे. हिटलरच्या छळामुळे देश सोडावा लागलेली काही माणसे या शहरात आश्रयाला आली होती. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर येथील एका मोठ्या वृत्तपत्रात कलासंचालक झाले, रूडी फॉन लायडन यांनी कलासमीक्षा लिहिली, इमॅन्युएल श्लेसिंजर यांनी तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेतली. लँगहॅमर यांच्या घरी हे तरुण जमत, चर्चा करत आणि युरोपीय चित्रांच्या रंगीत प्रतिकृती पाहत. म्हणजे एका खंडातील राजकीय संकट आणि रंगीत छपाईचे तंत्र यांच्या संयोगाने मुंबईत एक दालन उघडले.

आणि ज्यांनी त्या दालनातून आत डोकावले, ते कोण होते? रझा दिवसा एका ब्लॉक स्टुडिओत छपाईच्या ठशांचे काम करत. हुसेन सिनेमाचे बॅनर रंगवत. आरा यांनी घरकाम केले, गाड्या धुतल्या आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला. सूझा यांना छोडो भारत चळवळीतील सहभागामुळे कलाशाळा सोडावी लागली होती. गाडे विदर्भातून आलेले. ज्याने परांचीवर चढून दहा-बारा फुटी चेहरा रंगवला आहे, त्याला रस्त्यापलीकडून वाचता येईल अशी जाड, निःशंक रेषा लागते. हुसेन यांच्या पुढील चित्रांतली रेषा पाहताना मला नेहमी तेच आठवते. हा माझा तर्क आहे, पण तो त्यांच्या पोटापाण्याच्या कामातून निघतो, पॅरिसच्या पुस्तकातून नाही.

पुढच्या पिढीतही हाच धागा दिसतो. चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात कापडाच्या संकल्पनांचे काम करत आणि कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरत, जो आपण दारा-खिडक्यांना लावतो. चित्रकार अकबर पदमसी यांनी 1969 च्या सुमारास मुंबईत एक कार्यशाळा उभी केली, तिथे चित्रकारांना कॅमेरा आणि फिल्म हाताळता आली. चित्रकार नलिनी मालानी यांचे सुरुवातीचे प्रयोग तिथलेच. चित्रकार सुधीर पटवर्धन अनेक वर्षे पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ होते, आणि त्यांच्या चित्रांत ठाण्याचे रस्ते, लोकलमधली माणसे आणि लोअर परळ येतो. 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगावाचे जे झाले, त्याची नोंद बातम्यांइतकीच या चित्रांतही आहे. अशा चित्रांपुढे उभा राहिलेला परळचा माणूस त्यांना परके म्हणेल, असे मला वाटत नाही.

तरीही तो त्या चित्रांपर्यंत पोहोचत नाही, आणि याचा दोष मी प्रेक्षकाला देत नाही. शहरातील एका दालनात अलीकडेच मी पाहिले, चित्राखाली फक्त इंग्रजीत नाव, साल आणि माध्यम एवढेच लिहिलेले होते. शाळांतही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी आम्ही स्थिरचित्र आणि स्मरणचित्राचा सराव करून घेतो, पण चित्र ज्या काळात जन्मले त्या काळाबद्दल मुलांशी क्वचितच बोलतो.

म्हणून माझी विनंती अशी की, शहरातील सार्वजनिक कलादालनांनी प्रत्येक प्रदर्शनात मराठी फलक लावावेत आणि त्यांवर चित्रकार कोणते काम करून जगत होता, रंग कोणता होता, शहरात तेव्हा काय चालले होते, हे साध्या शब्दांत लिहावे. शक्य असेल तेथे चित्राशेजारी छपाईचा ब्लॉक, शिळाछापाचा दगड, जुना कॅमेरा किंवा बॅनर रंगवणाऱ्याचा कुंचला ठेवावा. हाताने बॅनर रंगवणारे कारागीर फ्लेक्स आल्यापासून जवळजवळ दिसेनासे झाले आहेत, त्यांच्याकडून ही साधने आताच मिळवायला हवीत. आपल्या दैनिकानेही रविवारच्या पुरवणीत एकेका चित्रामागची अशी हकिकत द्यावी. चित्रकला शिक्षकांना ती वर्गात वाचून दाखवता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
दादर, मुंबई