रविवारी एंटरप्राइझ होड्या पाण्यात

सर्व सभासदांना नमस्कार,

पावसाळ्यात वर काढून ठेवलेल्या आपल्या एंटरप्राइझ जातीच्या शिडाच्या होड्या येत्या रविवारी पाण्यात उतरवायच्या आहेत. सकाळी ७ वाजता उतारावर जमावे. भरती आहे तोवरच काम उरकायचे आहे, म्हणून उशीर नको.

- शनिवारी संध्याकाळी ४ पासून आपापली होडी तपासा. होडी तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या टाक्यांची बुचे नीट बसतात का, ते हाताने फिरवून बघा. रबर कडक झालेले असेल तर बदलाच.
- प्रत्येक होडीत बालदी हवी, आणि ती दोरीने बांधलेली हवी. जुनी एंटरप्राइझ उलटून सरळ केली की काठोकाठ भरलेली असते. गेल्या वर्षी आमची सुटी बालदी वाहून गेली, लेक ओंजळीने पाणी उपसत होती. तो प्रसंग पुन्हा कोणावर नको.
- लाइफ जॅकेटशिवाय कोणीही होडीत बसणार नाही. पोहता येणाऱ्यांनाही हाच नियम.

जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली ही चार मीटरची होडी दोघांची आहे. शर्यतीत दोघेच बसतील. आई-मुलगा, आजोबा-नात अशा जोड्यांचे विशेष स्वागत. पहिली शर्यत १० वाजता. निळी शिडे घरूनच वाळवून आणा, ओली गुंडाळलेली शिडे कुजतात.

नावे शुक्रवारपर्यंत सचिवांकडे द्यावीत.