आरोग्यमंत्री साहेब, कापलेला तुकडा कचऱ्यात जाऊ देऊ नका

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना नमस्कार.

साहेब, डायरेक्ट मुद्द्यावर येतो. राज्यातल्या कुठल्याही दवाखान्यात कातडीवरची गाठ, तीळ, चामखीळ, न भरणारी जखम, काहीही कापून काढलं तर तो तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे मायक्रोस्कोपखालच्या तपासणीला, गेलाच पाहिजे आणि रिपोर्टची कॉपी पेशंटच्या हातात पडलीच पाहिजे, असा नियम करा.

आमच्या आईच्या नाकपुडीशेजारी काळा चकचकीत तीळ आला होता, मधेच खपली धरायची, पदराने तोंड पुसलं की रक्त. तालुक्याच्या एका नर्सिंग होममध्ये काढून दिला, दोन टाके, "काही नाही हो, चामखीळ आहे", आणि तुकडा गेला कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. दोनेक वर्षांनी त्याच वणाच्या कडेला परत दाणा. आता बायोप्सी केली तर बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. यावेळी अर्धी नाकपुडी गेली, कपाळाची कातडी वळवून नाकावर बसवली, आणि कपाळ-नाक जोडणारी ती कातडीची पट्टी कापेपर्यंतचे तीन आठवडे आई दारातसुद्धा आली नाही.

हा कॅन्सर शरीरात दुसरीकडे क्वचितच जातो म्हणून सगळे निवांत असतात. पण आहे तिथे तो पोखरत राहतो, वणाखालून सरकतो आणि वरून कातडी ठणठणीत दिसते. म्हणून तर लहान, साध्या गाठीलाही भोवतीची 4 मिमी चांगली कातडी घेऊन कापतात, आणि नाक, कान, डोळ्याचा कोपरा इथे जास्तच जपतात. पुस्तकी आकडे असे की पहिल्यांदा साधी सर्जरी केली तर पाच वर्षांत साधारण 10% लोकांना परत येतो, आणि परत आलेला पुन्हा तसाच कापला तर 17% च्या आसपास. म्हणजे पहिली संधी हीच खरी संधी, आणि आपण तीच पिशवीत टाकतो.

मोह्स सर्जरीत कापलेल्या तुकड्याची सगळी कड त्याच दिवशी मायक्रोस्कोपखाली बघतात, तिथे पहिल्या सर्जरीचा तो 10% चा आकडा 1% वर येतो. साध्या तपासणीत पावाच्या स्लाइससारखे काप घेतात, मधलं बरंच बघितलंच जात नाही. पण मी तालुक्याला मोह्स मागत नाहीये साहेब, मला तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनची बाटली, वर नाव लिहिलेली चिठ्ठी आणि रिपोर्टात "कड मोकळी आहे की नाही" ही एक ओळ हवीये.

"आपण सावळे, आपल्याला कुठला स्किन कॅन्सर" हे डॉक्टरांच्या तोंडून पण ऐकलंय. गोऱ्यांपेक्षा कमी होतो हे खरं, पण आपल्याकडे तो बऱ्याचदा काळा दिसतो आणि तीळ म्हणून खपून जातो. स्क्वॅमस सेल या कातडीच्या दुसऱ्या कॅन्सरचं तर अजून वाईट, तो जुन्या भाजल्याच्या वणातही होतो, गळ्यातल्या गाठींपर्यंत पोचू शकतो आणि परत यायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच येतो. टाके काढल्यावर "परत या" असं कोणी सांगतच नाही, मग कळणार कसं?

2021 ला नर्सिंग होमचे नियम बदलले तेव्हा रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितलीत ना, त्यातच हे एक वाक्य घाला. ग्रामीण रुग्णालयातून तुकडा जिल्ह्याला पाठवायची सोय आणि खर्च मात्र सरकारने उचलावा, नाहीतर पेशंटच म्हणेल राहू द्या डॉक्टर.

जीआर निघाला की नंबर टाका, आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरला मी स्वतः फॉरवर्ड करतो.

आपला,
एका पेशंटचा मुलगा