धाराशिवचा अभ्यास आठवा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिरांविषयीचे वृत्त वाचले. शिबिरे हवीतच, पण अचूकतेचे काय? या तपासणीत गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिड लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि धोक्याची खूण असलेला पांढरा डाग दिसतो का पाहायचे, हे काम मी परिचारिका म्हणून अनेकदा केले आहे. उजेड अपुरा असला की डाग निसटतो. साध्या जंतुसंसर्गानेही तो दिसतो आणि बाई विनाकारण धास्तावते. आपल्याच धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील ३० ते ५९ वयोगटाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे घटले होते. ही चाचणी आता उपकेंद्रापर्यंत न्यावी. तिचा नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो. संकोचाने मागे राहणाऱ्या कितीतरी जणी मग पुढे येतील.

– एक निवृत्त परिचारिका