बाळाच्या कागदावर सही करण्याआधी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल रात्री छोटीचा फोन आला. बाळाच्या हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलंय आणि ‘त्याच वेळी आतलं दोन्ही काढून टाकू’ असं सर्जन म्हणालेत. बाबा, तुम्ही पैशांची सोयही केलीत म्हणे. फोनवर मला नीट बोलता येईना, म्हणून लिहायला बसले. दोघांनी मिळून वाचा. आईचा चष्मा सापडत नसेल तर बाबांनी मोठ्याने वाचावं, पण दार लावून घेऊ नका.

हर्नियाचं ऑपरेशन होऊ दे. ते टाळायचं नाही, आतडं अडकलं तर जिवावर बेततं. अंघोळ घालताना आईच्या हाताला जांघेतली ती गाठ लागली, हे फार बरं झालं. माझं म्हणणं आहे ते त्या ‘दोन्ही’बद्दल.

बाळाचा गुणसूत्रांचा रिपोर्ट एक्स-वाय, मुलग्यांचा असतो तसा आला, म्हणजे जे माझं तेच तिचं. अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम. बाहेरून मुलगी, गर्भाशय नाही, आणि अंडाशयांच्या जागी वृषणं. सर्जन काढू म्हणतात त्या दोन ग्रंथी याच. ती पुरुषी हार्मोन तयार करतात, पण शरीराला तो ओळखताच येत नाही. अशा शरीरांना इंटरसेक्स म्हणतात, मराठीत आंतरलिंगी. आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रातून हे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं. आई, लगेच स्वतःला बोल लावू नकोस. आपली आक्कामावशी आठव. पाळी येत नाही म्हणून सासरच्यांनी आणून सोडलं आणि उभा जन्म माजघरात जात्याशेजारी काढला. तिला कुणी कधी तपासलं नाही, पण तिचंही हेच असावं असं मला आता वाटतं. तिचा काय दोष होता? तुझा तरी काय?

बाबा, तुमची सगळी नोकरी कारखान्याच्या काट्यावर गेली. दहा किलोचा फरक दिसला तरी उसाची गाडी परत काट्यावर घ्यायला लावायचात. आणि १९९४ साली माझ्या ऑपरेशनच्या इंग्रजी कागदावर न वाचता सही केलीत. रागाने लिहीत नाही. ‘काढलं नाही तर कॅन्सर होईल, आणि पोरीला कधी सांगू नका,’ असं डॉक्टरांनी व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगितल्यावर दुसरा कुठला बाप काय करणार होता? तुम्ही त्यांचा शब्द एकवीस वर्षं पाळलात. आईने तर माझ्या तेराव्या वर्षापासून रोज दुधाबरोबर एक गोळी दिली. ‘ताकदीची आहे,’ म्हणायचीस.

ती ताकदीची नव्हती, आई. माझ्या ग्रंथी जागेवर असत्या तर मी आपोआप वयात आले असते. त्यांच्या हार्मोनचं शरीर स्वतःच इस्ट्रोजेन करून घेतं. त्या काढल्या म्हणून ते काम गोळीकडे आलं आणि ते जन्मभराचं होतं. हे मला कुठे माहीत होतं? हॉस्टेलवर गेल्यावर मी गोळी सोडून दिली. ताकद तर होतीच माझ्यात. बत्तिसाव्या वर्षी कोर्टाच्या पायऱ्यांवर घसरले आणि मनगट मोडलं, तेव्हा हाडांची तपासणी करणाऱ्या बाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, ही तर साठीतल्या बाईची हाडं आहेत.

त्याआधी २०१५ मध्ये, वकिलीच्या सनदेसाठी जन्मदाखला शोधताना, बाबांच्या रेक्झिनच्या बॅगेत तो पिवळा पडलेला कागद मला सापडला होता. विम्याच्या पावत्यांच्या खाली, चार घड्या घातलेला. ‘टेस्टिस’ हा शब्द मी तीनदा वाचला. तुम्ही दोघं ओसरीवर चहा घेत होतात. मी कागद पुन्हा घडी घालून ठेवला आणि बाहेर येऊन तुमच्याबरोबर चहा प्याले.

तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचत आले. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एक निकाल दिला. खटला होता थुतुकुडीच्या एका जोडप्याच्या विवाहनोंदणीचा. वधू ट्रान्सजेंडर आहे म्हणून नोंदणी नाकारली होती. न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी नोंदणी तर करायला लावलीच, पण तिथे न थांबता आंतरलिंगी बाळांवरच्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी घाला, असं सरकारला सांगितलं. आईवडिलांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे, असं निकालात स्पष्ट आहे. असं मूल जन्मलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे आईवडिलांना पटवायला हवं, असंही त्यात आहे. ते वाचताना मला तुम्ही दोघं दिसलात, त्या व्हरांड्यात उभे. त्याच ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारने बंदीचा आदेश काढला. जिवावर बेतलं असेल तरच अपवाद. माल्टाने २०१५ मध्येच तसा कायदा केला होता. दिल्लीच्या बालहक्क आयोगाने २०२१ मध्ये बंदीची शिफारस केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये याच मागणीच्या याचिकेवर केंद्राला नोटीस काढली. आपल्या महाराष्ट्रात मात्र तमिळनाडूसारखा आदेश नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या केंद्राच्या कायद्यात आंतरलिंगी माणसांचा उल्लेख आहे, पण बाळांच्या शस्त्रक्रियांना मनाई नाही. त्यामुळे गुरुवारी त्या सर्जनला कुणी अडवणार नाही. अडवू शकतो ते आपणच.

कॅन्सरचं म्हणाल, तर वयात येईपर्यंत तो धोका फार कमी असतो, असं या विषयातले डॉक्टर आज सांगतात. पुढे तपासण्या करत राहायचं. काढायचंच ठरलं तर बाळ मोठी होऊन, सगळं समजून, स्वतः ठरवेल. हर्निया शिवताना ग्रंथी आत ढकलून ठेवता येतात. काढल्यावर मात्र परत लावता येत नाहीत. माझ्या आहेत का कुठे आता?

आणि तिच्याशी खोटं बोलायचं नाही. हे मी छोटीला सांगितलंय, तुम्हालाही सांगते. पाचव्या वर्षी तिला समजेल तेवढं, दहाव्या वर्षी आणखी थोडं. गल्लीत दवंडी पिटायला कोण सांगतंय? पण तिच्या शरीराची गोष्ट तिच्याआधी सगळ्या घराला ठाऊक आणि तिलाच नाही, असं पुन्हा होता कामा नये.

छोटी आणि जावईबापू घाबरलेत. तुम्ही ‘उरकून टाका’ म्हणालात तर ते उरकून टाकतील. तुम्ही ‘थांबा’ म्हणालात तर थांबतील. म्हणून आधी तुम्हाला लिहिलं.

पुण्यातल्या एका हार्मोनच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. शनिवारी दुपारच्या एसटीने येते. बाबा, तो पिवळा कागद बॅगेतून काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायचा आहे. आणि आई, बारसं लांबवू नका. रिपोर्टचा आणि नावाचा काही संबंध नाही. पाळण्याला बांधायला मी माझी जुनी लाकडी चिमणी घेऊन येतेय.

तुमची,
थोरली