‘पोलिओग्रस्त’ हा शब्द टाळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपंगांविषयीच्या बातम्यांत आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रे ‘पोलिओग्रस्त’ हा शब्द सर्रास छापतात. वयाच्या तिसऱ्या वर्षी डावा पाय गेलेला शेतकरी या नात्याने माझी त्याला हरकत आहे. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या करड्या भागातील, स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी नष्ट करतो (ग्रीक भाषेत ‘पोलिओस’ म्हणजे करडा, नाव तेथूनच आले) आणि काही आठवड्यांत शरीरातून निघून जातो. मागे उरतो तो वाळलेला पाय, आणि आमच्याकडे त्या पायालाच पोलिओ म्हणतात. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी माझ्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरकडे बघत, हातातला चहा तसाच धरून, ‘हे पुढच्या पिढीत तर उतरत नाही ना जी?’ असे विचारले होते. ग्रस्त म्हटल्यावर रोग अजून अंगात आहे असेच कोणालाही वाटणार.

माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, ‘तापात सुई देल्ली अन् पाय गेला.’ तिचे म्हणणे अगदीच खोटे नसावे, कारण विषाणू शरीरात असताना स्नायूत दिलेल्या इंजेक्शनमुळे त्याच पायाला लुळेपणा येऊ शकतो, हे वैद्यकशास्त्रही मानते. रोगाचे नाव मात्र तिला फार उशिरा कळले.

आता उलट घडते आहे: नाव सर्वांना ठाऊक आहे, पण रोग समोर आला तर ओळखला जात नाही. देशातला नैसर्गिक (म्हणजे लसीतल्या विषाणूपासून न झालेल्या) पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्यामुळे डोसच्या रविवारी ‘पोलिओ तर गेला’ असे तरुण आईबाप सहज म्हणतात. लेकराचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर गावात त्याला ‘वारं गेलं’ म्हणतात आणि तेल चोळणाऱ्याकडे नेतात. वस्तुतः पंधरा वर्षांखालील अशा प्रत्येक मुलाची माहिती आरोग्य केंद्राला कळवून, चौदा दिवसांच्या आत चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने तपासणीला जावे लागतात. कारण पाकिस्तान व अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे आणि तो परत येऊ शकतो.

तेव्हा आमच्याविषयी लिहिताना ‘पोलिओमुळे पाय अधू झालेला’ असे लिहावे, आणि पुढील मोहिमेच्या बातमीत ‘वारं गेलं’ हा शब्द घालून ही नमुन्यांची माहिती द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ