जुन्या जिप्सीच्या अर्धवट ऑफरोड कामाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: लिफ्ट किट, टायर व स्नॉर्केल बसवताना सोडून दिलेली कामे, ब्रेक पाइपचा धोका तातडीने दूर करणे.

महोदय,

माझी जुनी मारुती जिप्सी किंग (१२९८ सीसी, पेट्रोल) आपल्या नागपूरच्या फिटिंग सेंटरने ‘ऑफरोड पॅकेज’ म्हणून तयार करून दिली. बिलावर दोन इंचांचे लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच), लांब शॅकल (स्प्रिंगच्या पाट्यांचे टोक चासिसला जोडणारी कडी), २३५/७५ आर १५ मापाचे टायर आणि स्नॉर्केल (इंजिनला हवा उंचावरून देणारा पाइप) अशा नोंदी आहेत. हे सगळे गाडीवर बसलेले आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हे बसवल्यावर त्याच्या जोडीने जे बदलावेच लागते ते आपल्या लोकांनी केलेले नाही, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

माझी संत्र्याची बाग काटोलकडे आहे. डांबरी रस्ता सोडला की पुढे काळ्या मातीचा पांदण रस्ता आणि मध्ये एक नाला. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल होतात की साधी गाडी पोटावर टेकते. जिप्सी मी त्यासाठीच ठेवली आहे. काम देताना हे सगळे सांगितले होते. आपल्या जॉब कार्डवर ‘शेत, चिखल, नाला’ अशी नोंद आपल्याच माणसाच्या अक्षरात आहे.

आधी ब्रेकचे सांगतो, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. स्टिअरिंग जड वाटू लागले म्हणून वाडीच्या मेकॅनिककडे गाडी दाखवली. त्याने चासिसखाली जॅक लावून पुढचा ॲक्सल मोकळा लटकू दिला आणि चाक पूर्ण वळवले. डावीकडचा ब्रेकचा रबरी पाइप ताठ ओढला गेला. रबर जिथे लोखंडी टोकात शिरते तिथे बारीक भेगा होत्या. बोट लावले तर ब्रेक ऑइल लागले. गाडी दोन इंच उचलली, त्यामुळे ॲक्सल पूर्वीपेक्षा खाली लटकतो, पण पाइप मूळ लांबीचाच राहिला. किटच्या किमतीपुढे लांब पाइपची किंमत काहीच नाही. मी सेंटरवर विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “रस्त्यावर काही होत नाही साहेब.” एक चाक चाकोरीत आणि दुसरे बांधावर असले की ॲक्सल असाच लटकतो. ऑफरोड म्हणून विकलेल्या कामाला रस्त्याचा निकष कसा लावता?

दुसरे, स्टिअरिंग आणि प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची शक्ती ॲक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा). पुढच्या लांब शॅकलमुळे ॲक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. तो परत आणायला पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये उताराची पाचर घालतात. ती घातलेली नाही. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, अमरावती रोडवर ट्रक बाजूने गेला तरी गाडी भरकटते. जिप्सीत ट्रान्सफर केस (शक्ती पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी गिअरची पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा असतो. गाडी उचलली की तिथून ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो. तो तपासलाच नाही, असे आता दिसते. पन्नासच्या पुढे फरशी थरथरते आणि मागच्या शाफ्टचा क्रॉस (सांधा) ढिला झाला आहे. नवे पाटे बसल्यावर ते ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, त्यासाठीही सेंटरने बोलावले नाही.

स्नॉर्केलचे तर मला खरेच वाईट वाटले. इंजिनची हवा वरून घेतली, पण दोन्ही ॲक्सलचे ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर जाण्याची तोंडे) जिथल्या तिथे ठेवले. धावून तापलेला ॲक्सल नाल्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बुडालेला असेल तर तिथून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. मागच्या हाउसिंगचा प्लग उघडला तेव्हा ऑइल दुधाळ निघाले. अशा ऑइलवर बेअरिंग आणि गिअर किती टिकणार, हे आपल्याला मी सांगायला नको. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटपर्यंत नेणे एवढेच काम होते.

टायरचा मूळ व्यास सुमारे ६६८ मिमी, आताचा सुमारे ७३४. म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ च्या आसपास असते. हे गाडी देताना सांगायला हवे होते. पाटे पूर्ण दबले की टायर मडगार्डच्या आत घासतो. पाटे प्रमाणाबाहेर दबू न देणारे रबरी ठोकळे, म्हणजे बंप स्टॉपही जुनेच आहेत.

आरटीओबद्दल मी काम देण्यापूर्वीच विचारले होते. “काही लागत नाही” असे तोंडी सांगितले गेले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. माझ्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपत आली आहे. पुढच्या पाच वर्षांसाठी ती तपासणीला न्यावी लागेल. तिथे अडवले तर जबाबदार कोण?

म्हणून माझी मागणी अशी. योग्य लांबीचे ब्रेक पाइप विनामूल्य आणि सर्वांत आधी बसवावेत. कॅस्टर, शाफ्टचा कोन, क्रॉस, ब्रीदर, बंप स्टॉप ही कामे आपल्या खर्चाने करून अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट द्यावा. मागच्या ॲक्सलची सीले व ऑइल बदलावे आणि बेअरिंग उघडून माझ्यासमोर दाखवावे. बिलातील मजुरी परत करावी. पॅकेजमधील कोणता बदल नोंदणीच्या नियमात बसतो आणि कोणता नाही हे लेखी द्यावे. जो बसत नसेल तो काढून पूर्ण पैसे परत करावेत. ही कामे मी दुसरीकडे करून घेऊ शकतो, पण पैसे आपण घेतले आहेत आणि याच पॅकेजवर इतरांच्या गाड्याही आपल्या सेंटरमधून बाहेर पडत आहेत. त्यांचे ब्रेक पाइपही तपासावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन. आपले मुख्य कार्यालय पुण्यात असले तरी ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते.

गाडी सध्या उभी आहे; ब्रेक पाइप बदलेपर्यंत मी ती चालवणार नाही. आपल्या माणसाला घरी येऊन पाहायचे असल्यास बिलावरील माझ्या क्रमांकावर फोन करावा. बिल, जॉब कार्ड आणि भेगांचे फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,

आपला ग्राहक,
नागपूर